क्लच तुझा, गिअर माझा

अठ्ठ्याण्णव साली माझं लग्न झालं आणि गणपती उरकून मी रत्नागिरीहून निघाले ती कॅनडातल्या एका आडगावी जाऊन पोचले. नवरा तिथल्या कागदाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होता. गाव म्हणजे एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, एका टोकाला दुकान, दुसऱ्या टोकाबाहेर कारखाना आणि त्यापुढे नुसती सपाट जमीन. बस नव्हती, रिक्षा नव्हती. गाडी नसेल तर दूधसुद्धा घरात यायचं नाही. म्हणून नवऱ्याने मी येण्याआधीच एक जुनी तपकिरी गाडी घेऊन ठेवली होती.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेलं, पण माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. उन्हाळ्यात गाडी चालवायला शिकले. ती गाडी ऑटोमॅटिक होती, म्हणजे तिला गिअर बदलायची भानगड नव्हती. मग सकाळी नवऱ्याला कारखान्यात सोडायचं आणि संध्याकाळी घेऊन यायचं, एवढं एक काम माझ्या वाट्याला आलं. त्या कामाची मी सकाळपासून वाट बघायची, यावरून दिवस कसे जात असतील ते समजा.

दुसऱ्या वर्षी थंडी सुरू होताना एका सकाळी गाडीत समोर लाल दिवा लागला. तेलाच्या बुदलीचं चित्र होतं. इंजिनाचं तेल संपत आलं होतं, आणि जे होतं ते काजळीसारखं काळं झालं होतं. गावात एकच गॅरेज. तिथे बर्फात चालणारे टायर बसवून घ्यायला अख्ख्या पंचक्रोशीची रांग लागली होती. "तीन आठवड्यांनी या," असं तिथल्या माणसाने हसतमुखाने सांगितलं.

"तोपर्यंत जपून चालवू," नवरा म्हणाला.

"तेल नसताना जपून म्हणजे कशी चालवणार?"

तो मूळचा राजापूरचा. स्वयंपाक माझ्यापेक्षा चांगला करतो, कोणाशीही पटकन मैत्री करतो, पण यंत्र म्हटलं की चार पावलं मागे सरतो. मिक्सर सुरू करतानासुद्धा तो डोळे मिटून घेतो. मी गावातल्या वाचनालयात गेले आणि आमच्या गाडीवरचं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यात बोल्टपासून बल्बापर्यंत सगळ्याची चित्रं होती. ते मी दोन दिवस वाचलं. प्रयोगशाळेत एखादी प्रक्रिया समजून घ्यावी तसं वाचलं, आणि वाचता वाचता लक्षात आलं की यात मला न समजण्यासारखं काहीच नाही.

रविवारी सकाळी घरासमोर गाडीची पुढची चाकं लोखंडी उतारांवर चढवली, मागच्या चाकांना विटा लावल्या, कानटोपीत केस कोंबले आणि पुठ्ठा पसरून मी गाडीखाली शिरले. नवरा बाहेर उभा राहून पुस्तक मोठ्याने वाचत होता.

"तेल सोडायचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा," तो म्हणाला. मग त्याने पुस्तक उलटं धरून पाहिलं. "पण तू खालून बघत्येस. मग उलट म्हणजे नक्की कुठून?"

"तू नुसतं वाच रे. अर्थ नको लावूस."

बोल्ट निघाला आणि कोमट तेल मनगटावरून थेट कोपरापर्यंत आलं. जुना फिल्टर काढला, नवीन लावला, वरून नवं तेल ओतलं. मोठ्या ऐटीत मी गाडी सुरू करायला सांगितली. नवऱ्याने किल्ली फिरवली आणि इंजिनाखालून तेलाची धार सुटली. पांढऱ्याशुभ्र बर्फावर हातभर काळा डाग पडला. त्याने घाबरून गाडी बंद केली. तो सॉरी म्हणायला लागला, जणू काही चूक त्याचीच होती.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ एकटेच राहायचे. वर्षभरात आमचं हात हलवण्यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. ते घरातून एक पिशवी घेऊन आले. मांजरांच्या शी-शूसाठी तिकडे एक प्रकारची भरड माती मिळते, तिची पिशवी होती ती. त्यांनी ती माती डागावर पसरली, आणि तिने सगळं तेल पिऊन टाकलं. मग जाता जाता म्हणाले, "जुन्या फिल्टरची रबरी कडी वर इंजिनालाच चिकटून राहिली असेल. माझीही राहिली होती पहिल्यांदा." खरंच तसंच झालं होतं. ती कडी नखाने सोडवली, फिल्टर पुन्हा घट्ट बसवला आणि या वेळी खाली एक थेंबही पडला नाही.

त्या दिवशी आम्ही दोघांनी घरातच पार्टी केली. नवऱ्याने वडे तळले, शेजारच्या आजोबांना नेऊन दिले. मी पुन्हा पुन्हा बाहेर जाऊन गाडीखाली डोकावत होते. त्या देशात आल्यापासून माझ्या हातून पूर्ण झालेलं ते पहिलं काम होतं.

रविवारी रत्नागिरीला फोन करायचा आमचा रिवाज होता. मी मोठ्या कौतुकाने बाबांना सगळी गोष्ट सांगितली. बाबा हायस्कुलात भूमिती शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी छोटी गाडी घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. मला वाटलं, ते खूश होतील.

"बाबा? ऐकू येतंय का?"

"येतंय," ते म्हणाले. "तुझ्यावर गाडीखाली झोपायची वेळ आली?"

"वेळ कसली बाबा? मला आवडलं."

"बरं. आईशी बोल."

आईने रिसीव्हर घेतला आणि हळूच म्हणाली, "अगो, तिकडे तुझे हाल आहेत असं वाटलं त्यांना. आता डोळे पुसतायत. नको सांगूस हे असलं."

मग मी नाही सांगितलं. पुढच्या तीन-चार वर्षांत मी ब्रेकचे पॅड बदलायला शिकले, स्पार्क प्लग, इंजिनाचा पट्टा, रेडिएटरचं पाणी, सगळं शिकले. नोकरीची परवानगी मिळाल्यावर पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत लागले, तरी गाडीचं काम सोडलं नाही. पण फोनवर गाडीचा विषय काढायचा नाही, हे मनाशी ठरवून टाकलं. बाबांनी ओळखीपाळखीत सांगून ठेवलं होतं की मुलीकडे तिथे सगळ्याला माणसं आहेत.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली नाही, उजवी बाजू शाबूत राहिली, पण डावा हात आणि डावा पाय दुबळा झाला. काठी घेऊन घरातल्या घरात चालायला लागले. गाडी मात्र सुटली. डाव्या पायाने क्लच दाबता येईना, डाव्या हाताने गिअर टाकता येईना. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आईच्या जुन्या साड्या पांघरून गाडी उभी राहिली.

पुढच्या वर्षी एप्रिलात मी रजा घेऊन एकटी घरी आले. बाबा बारीक झाले होते. पेपर वाचत, जेवत, विचारलं तर उत्तर देत, पण स्वतःहून बोलत नसत. आई म्हणाली, "जयगडलासुद्धा गेले नाहीत झटक्यापासून."

जयगडला माझी आत्या राहायची. बाबांची आई ते लहान असताना गेली. त्यानंतर त्यांना या मोठ्या बहिणीनेच वाढवलं. बाबा महिन्यातून एकदा गाडी काढून तिला भेटायला जायचे, हा नेम कधी चुकला नव्हता. आता आत्या ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी जागच्या जागी बसवलेली. ती येऊ शकत नव्हती आणि बाबा जात नव्हते. आईने भाड्याची गाडी करू म्हणून किती वेळा सांगून पाहिलं.

"परक्या गाडीत गाठोड्यासारखा बसून मी ताईसमोर जाणार नाही," एवढंच ते म्हणायचे. ओळखीच्या मेकॅनिकनेही गाडी बघून सांगितलं होतं, की खाऱ्या हवेने खाल्ली आहे, भंगारात द्या.

एका सकाळी न्याहारी झाल्यावर मी शेडमध्ये जाऊन साड्या ओढून काढल्या. बाबा पडवीत बसले होते.

"काय करत्येस?"

"बघत्ये."

बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरचं गोल झाकण काढलं, तर आत नारळाच्या काथ्याचं घरटं. उंदरांनी अख्खा संसार थाटला होता आणि जाता जाता दोन वायरी कुरतडून ठेवल्या होत्या. बॅटरी मेलेली, टाकीतल्या पेट्रोलला आंबूस वास. पण इंजिन हाताने फिरवून पाहिलं तर फिरत होतं. म्हणजे जीव होता.

मी मारुती मंदिराजवळच्या स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन तेल, फिल्टर, प्लग आणि बॅटरी मागितली. दुकानदाराने विचारलं, "गाडी कुठल्या गॅरेजला लागल्ये?"

"घरी आहे."

"मग मेकॅनिकला पाठवा ना. तुम्ही कशाला उन्हातून?"

"मेकॅनिक मीच आहे," मी म्हटलं. तो हसला. सामान बांधताना मात्र त्याने फिल्टर दोनदा तपासून दिला.

घरी येऊन जुना सलवार-कमीज घातला, जांभ्याचे चिरे चाकांमागे लावले आणि घमेलं घेऊन गाडीखाली शिरले. तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडच्या शेजारीणबाई थबकल्या. बाबांनी ते पाहिलं.

"बाहेर ये," ते पडवीतून म्हणाले. "लोक बघतायत. परदेशातून लेक आली आणि गाडीखाली झोपली म्हणतील."

"म्हणू देत."

ते काठी टेकत आत निघून गेले. आई बाहेर आली आणि एक जुनी गोधडी माझ्याकडे सरकवून म्हणाली, "ही पाठीखाली घाल. जमीन टोचत्ये."

तेल सोडायचा बोल्ट गंजून इंजिनाशी एकजीव झाला होता. मी पान्याला दोन्ही हातांनी हिसके देत होते आणि बोल्टाचे कोपरे झिजायला लागले होते. ते पूर्ण झिजले असते तर पुढे काहीच करता आलं नसतं. इतक्यात जमिनीवरून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज आला आणि गाडीच्या अगदी जवळ बाबांची पावलं दिसली.

"थांब. जोर नको करूस," ते म्हणाले. "रॉकेल सोड त्याच्यावर. आणि संध्याकाळपर्यंत हात लावू नकोस."

"संध्याकाळपर्यंत?"

"घाई आहे का तुला?"

नव्हती. मी रॉकेल सोडून बाहेर आले. बाबा खुर्चीत बसून उघड्या बॉनेटकडे बघत होते. मी ती कुरतडलेली वायर दाखवली. त्यांनी ती उजव्या हाताने वर धरली, मी टेप गुंडाळली. "अजून एक वेढा," ते म्हणाले. मग प्लग साफ करायला मी त्यांच्या मांडीवर एक फडकं पसरून दिलं. डाव्या हाताने प्लग नुसता अडकवून धरायचा आणि उजव्याने घासायचं, असं त्यांनी आपलं आपणच बसवलं. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम ते कधी करत नसत, पण प्लग घासताना डावा हात कामाला लागलाय याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. माझं होतं.

संध्याकाळी बोल्ट निघाला, फारसा त्रास न देता. काकवीसारखं दाट तेल घमेल्यात पडलं. बाबांनी वाकून पाहिलं. "किती काळं झालं होतं," ते म्हणाले, आपल्यालाच सांगितल्यासारखं.

त्यानंतर आठवडाभर सकाळी चहा झाला की बाबा स्वतःच शेडमध्ये जाऊन बसायचे. आज काय करायचं ते आदल्या दिवशी ठरायचं. शेजारीणबाई एकदा धीर करून आत आल्या आणि विचारलं, "काय चाललंय मास्तर?" बाबा म्हणाले, "रेडिएटर धुतोय." *धुतोय* म्हणाले. मी खाली पाण्याच्या चिखलात बसले होते.

शेवटी गाडी सुरू झाली तेव्हा नळीतून निळसर धूर निघाला आणि पत्र्याखाली झोपलेली मांजर पळाली. आई पदराने नाक झाकून हसत होती. बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"अडखळत्ये थोडी," ते म्हणाले. "कार्बोरेटर पुन्हा एकदा बघ."

खरी अडचण पुढेच होती. मला गिअरची गाडी येत नव्हती. मी शिकले ती ऑटोमॅटिकवर, तीही रस्त्याच्या उजव्या बाजूने चालणारी. जवळच्या मैदानात सकाळी सरावाला गेलो. पाय क्लचवर ठेवला की हात गिअर विसरायचा, हाताकडे बघितलं की पाय सुटायचा. गाडी गचके खाऊन बंद पडायची. चौथ्या-पाचव्या वेळेला मी वैतागून स्टिअरिंगवर हात आपटला.

बाबा माझ्या डावीकडे बसले होते. त्यांचा धड उजवा हात आणि गिअरचा दांडा यांत वीतभर अंतर. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं असावं.

"असं कर," ते म्हणाले. "तू फक्त क्लच दाब. गिअर मी टाकतो."

मी क्लच दाबला. त्यांनी पहिला टाकला. गाडी हलली. "दाब," ते म्हणाले. दुसरा. "सोड हळू. दाब." तिसरा. मैदानाला आम्ही फेऱ्या मारत राहिलो. थोड्या वेळाने त्यांना "दाब" म्हणायची गरज राहिली नाही. इंजिनाचा आवाज चढला की माझा पाय जायचा आणि त्यांचा हात तयार असायचा.

दोन दिवसांनी ते जेवताना म्हणाले, "उद्या जयगडला जाऊ." आईच्या हातातली पळी तशीच राहिली.

सकाळी लवकर निघालो. आई मागे, तोंडात देवाचं नाव आणि मांडीवर आत्यासाठी हापूसची पेटी. निवळी फाट्यावरून आत वळलो. रस्ता तसा रिकामाच होता, पण चाफे गावाच्या अलीकडे चढावर वळण घेताना समोरून एसटी आली. मी दचकले, पाय ब्रेकवर गेला, गाडी मरायला टेकली. बाबांनी शांतपणे सांगितलं, "क्लच." आणि दुसरा गिअर असा अलगद टाकला की गाडीने दम घेऊन चढ सोडवला. एसटी घासून गेली. मागून आई म्हणाली, "झालं का? उघडू डोळे?" बाबा मोठ्याने हसले. त्यांचं ते हसणं मी आल्यापासून पहिल्यांदा ऐकत होते.

खाडी दिसायला लागली तशी बाबांनी काठी जवळ ओढून घेतली. आत्याच्या अंगणात गाडी थांबवली. मी दार उघडायला धावले, तर त्यांनी हाताने मला थांबवलं. काठी बाहेर टेकली, स्वतःचे स्वतः उतरले आणि अंगण ओलांडून पडवीपर्यंत चालत गेले. आत्या बाकावर बसली होती. तिने त्यांना नखशिखान्त पाहिलं. मग त्यांचा लुळा डावा हात आपल्या हातांत घेतला आणि कुस्करल्यासारखा चोळत राहिली.

"इतके दिवस कुठे होतास रे?" ती म्हणाली.

"गाडी बंद होती ताई."

"गाडी बंद होती म्हणे." तिने डोळे पुसले आणि पुन्हा हात चोळायला लागली.

चहा झाला. घावनं आली. मी वाकून नमस्कार केला तेव्हा आत्याचं लक्ष माझ्या हातांकडे गेलं. नखांच्या कडांतला काळेपणा किती घासला तरी निघाला नव्हता.

"हे काय गो? परदेशात काय कोळसे फोडतेस?"

मी काही बोलायच्या आत बाबा म्हणाले, "गाडी तिने केली. तेल, फिल्टर, वायरी, सगळं. तिकडे स्वतःची गाडीही तीच करते. मेकॅनिकने भंगारात काढली होती ही."

"आणि जावई काय करतात मग?"

"ते पुस्तक वाचून दाखवतात," बाबा म्हणाले.

म्हणजे तो फोन त्यांना शब्द न् शब्द आठवत होता. आत्या एवढी हसली की तिला ठसका लागला. मग तिने माझे दोन्ही हात ओढून घेतले, खोबरेल तेल मागवलं आणि माझी नखं चोळून काढायला बसली. भाऊ समोर, भावजय शेजारी, गप्पा चालू, आणि तिचा अंगठा माझ्या नखांवरून फिरतोय. डाग पुरते निघाले नाहीत. तिने सोडलं नाही.

त्या सुट्टीत आम्ही आणखी दोनदा जयगडला गेलो. मी परत गेल्यावर बाबांनी गल्लीतल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरला महिन्यातून एकदा बोलवायला सुरुवात केली. नवरात्राच्या सुमारास आत्या गेली, झोपेतच. आदल्याच आठवड्यात बाबा तिच्याकडे दिवसभर राहून आले होते. फोनवर त्यांनी मला ते सांगितलं. काय जेवलो, ती काय काय बोलली, सगळं सविस्तर सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "भेटी झाल्या ते बरं झालं."

बाबा त्यानंतर चार वर्षं होते. गाडी आम्ही लांज्याच्या एका जोडप्याला देऊन टाकली. आई आता माझ्याकडे येऊन-जाऊन असते. मध्ये एकदा भाजी निवडताना ती सहज म्हणाली, आजारी पडल्यापासून बाबांना रोज झोपेची गोळी लागायची. त्या एप्रिलात एका रात्री ती गोळी द्यायला गेली, तर बाबा हात न धुता, रॉकेलच्या वासासकट गाढ झोपलेले. तिने गोळी परत डबीत ठेवली आणि पंखा थोडा हळू केला.